शिळावर्तुळें आणि राजमार्ग

वैनगंगेच्या खोऱ्यांतील कोणत्याहि जुन्या गांवीं जमिनीचे दोन मुख्य भाग मानण्याची रीत आहे : वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. ह्या दोहोंत न मोडणारी एक तिसरी भूमि गांवाच्या शिवेजवळ असते. ती बरड, मुरमाड आणि पेरणीस निरुपयोगी. तेथें गुरें चारावीं, फार तर सरपण वेंचावें, एवढाच तिचा उपयोग. महसुलाच्या दृष्टीनें तिची किंमत नगण्य, आणि म्हणूनच एखादा रस्ता, कालवा किंवा खाण काढावयाची झाली म्हणजे आखणी करणाराचा हात प्रथम तिच्याकडे वळतो. विदर्भाच्या प्राचीन इतिहासाचें दुर्दैव असें कीं, जमिनीवर आजहि उभे दिसणारे त्याचे सर्वांत जुने अवशेष बहुधा ह्याच बरड भूमीवर पसरलेले आहेत.

नागपुराभोवतीं जुनापाणी, माहुरझरी, खापा, नायकुंड, बोरगांव, भागीमोहारी अशा कितीतरी ठिकाणीं काळ्या कातळाचे मोठमोठे धोंडे वर्तुळाकार मांडलेले आढळतात. एकट्या जुनापाणीच्या माळावर अशीं सुमारें ३०० वर्तुळें आहेत. धोंड्यांच्या कड्याच्या आंत माती, मुरूम आणि गोटे ह्यांचा उंचवटा असतो, आणि त्या उंचवट्याच्या पोटांत मृताच्या अस्थि, काळीं-तांबडीं मातीचीं भांडीं, लोखंडी कुऱ्हाडी, कट्यारी, छिन्न्या आणि क्वचित् तांब्याचे अलंकार सांपडतात. हीं थडगीं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकांतील होत. विद्वान् लोक त्यांस बृहदश्म किंवा महापाषाणीय अवशेष म्हणतात. पूर्वेकडे वैनगंगेच्या बाजूस वळलें म्हणजे ह्याच कुळांतील अवशेष पुन्हा भेटतात. १९९९ सालीं गोंदिया वेगळा होण्यापूर्वींच्या विस्तृत भंडारा जिल्ह्यांत पिंपळगांव आणि तिल्लोता खैरी ह्या दोन ठिकाणांची अशा अवशेषांसाठीं नोंद झालेली आहे. पिंपळगांवचा अवशेष शिळामंडपाच्या जातीचा, म्हणजे उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवून केलेला. ह्याच जिल्ह्यांतील पवनीचें नांव १९६९-७० च्या उत्खननानंतर तेथील बौद्ध स्तूपांमुळें अभ्यासकांच्या तोंडीं झालें. त्या मानानें ह्या दगडांची उपेक्षाच झाली. स्तूपाला शिल्पें असतात, दात्यांचे लेख असतात. ह्या धोंड्यांवर एक अक्षरहि नाहीं. जुनापाणीच्या कांहीं धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे तेवढे कोरलेले आहेत, आणि असे धोंडे वर्तुळांत ठराविक दिशांनाच बसविलेले दिसतात, असें अलीकडील अभ्यासकांचें निरीक्षण आहे. तें खरें असेल तर धोंडा हात दोन हात सरकला तरी त्यावरील मजकूर पुसला जातो असें म्हणावें लागेल.

ह्या वर्तुळांचा अभ्यास आरंभीं केवळ थडग्यांचा अभ्यास होता. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे त्यांकडे विद्वानांचें लक्ष वेधणाऱ्यांत अग्रेसर होते. १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटचें उत्खनन पाहून रात्रीं परततांना पुरानें फुगलेला ओढा ओलांडीत असतां ते बुडाले. पुढें चार वर्षांनीं रिव्हेट-कार्नाक ह्या इंग्रज अधिकाऱ्यानें जुनापाणीचीं कांहीं वर्तुळें खणलीं, आणि तेथील वस्तु लंडनच्या ब्रिटिश म्युझियमांत जाऊन पडल्या. ह्या मंडळींचा उत्साह मोठा, परंतु थडग्यांतून काय निघतें एवढ्यावरच त्यांची दृष्टि खिळलेली होती. थडग्यांत निजलेला मनुष्य जिवंतपणीं कोठें राहत होता, पाणी कोठलें पीत होता, त्याची कुऱ्हाड कोणत्या भट्टींत घडली, हे प्रश्न नेटानें विचारले जाण्यास आणखी एक शतक जावें लागलें.

ते प्रश्न पुढील उत्खननांनीं विचारले. शां. भा. देव ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९६७ ते १९६९ ह्या काळांत टाकळघाट व खापा येथें काम झालें, १९७० पासून माहुरझरीस झालें, आणि १९७७ नंतर नायकुंडास झालें. टाकळघाटास वस्तीचे थर मिळाले, तर जवळच खाप्याच्या माळावर त्या काळचीं थडगीं. माहुरझरीस घोड्यांचे सांगाडे निघाले; त्यांच्या तोंडावर तांब्याचे अलंकार चढविलेले होते. नायकुंडास तर वस्ती, शिळावर्तुळें आणि लोखंड गाळण्याची भट्टी हीं तिन्ही एकाच परिसरांत सांपडलीं. तेव्हां कोठें चित्र स्पष्ट झालें : ओढ्याकांठची सुपीक जमीन जगण्यासाठीं, आणि तिच्या वरची मुरमाड बरड मृतांसाठीं, अशी ह्या लोकांची वांटणी होती. वस्ती, ओढा, भट्टी, बरड आणि वर्तुळ हीं एकाच शब्दाचीं अक्षरें होत. त्यांतील एक जपून बाकीचीं खोडलीं तर शब्द लागत नाहीं.

आतां हा शब्द जपण्याचें साधन म्हणून कायद्याकडे पाहिलें तर तो कोठें तोकडा पडतो हें ध्यानांत येतें. लॉर्ड कर्झन ह्यांच्या कारकीर्दींत १९०४ सालीं प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ सालीं त्या विषयावर नवा केंद्रीय कायदा आला आणि महाराष्ट्रानें आपला स्वतंत्र कायदा १९६० सालीं केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाभोवतीं १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढें आणखी २०० मीटरपर्यंत नियंत्रण, ही व्यवस्था १९९२ च्या अधिसूचनेनें लागू झाली व २०१० च्या दुरुस्तीनें कायद्यांतच गोंविली गेली. २०१७ सालीं लोकसभेंत आलेल्या एका विधेयकानें ह्या मनाईच्या क्षेत्रांतूनहि केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांस वाट करून देण्याचें योजिलें होतें. लोकसभेनें तें २ जानेवारी २०१८ रोजीं संमत केलें. राज्यसभेनें तें प्रवर समितीकडे धाडलें, आणि त्या लोकसभेच्या मुदतींत त्याचा कायदा झाला नाहीं.

देऊळ, मशीद किंवा किल्ला ह्यांना १०० मीटरची मर्यादा बऱ्याच अंशीं पुरते, कारण इमारतीला भिंत असते आणि भिंत कोठें संपते हें आंधळ्यालाहि चांचपून सांगतां येतें. शिळावर्तुळाला भिंत नाहीं. एका पुंजक्यापासून दुसरा पुंजका दूर असतो, थडग्यांपासून वस्ती आणखी दूर. आणि मधली जी जमीन ह्या सर्वांना एकत्र बांधते तिला कायद्याच्या दृष्टीनें नांवच नाहीं. शिवाय ही मर्यादाहि, ज्या स्मारकाची रीतसर घोषणा झाली आहे त्यालाच लाभते. माळावरच्या अनेक वर्तुळांच्या वांट्याला ती घोषणा कधींच आलेली नाहीं.

रक्षण शिळेचें करावयाचें कीं शिळांमधल्या भूमीचें, हा वाद केवळ शब्दांचा वाटण्याचा संभव आहे. परंतु इंग्लंडांत नेमक्या ह्याच मुद्द्यावर एका सरकारी योजनेशीं दीर्घ लढा झाला. त्यांत पुराणवस्तुशास्त्रज्ञ, जवळपासचे गांवकरी, दोन मंत्री, उच्च न्यायालय आणि संयुक्त राष्ट्रांची युनेस्को संस्था असे सर्व ओढले गेले. भंडाऱ्याच्या दगडांचा विचार करणाराला तो लढा समजून घेणें अवश्य आहे, कारण तेथें शिळांना कोणीच हात लावणार नव्हतें. उलट त्यांचें भलें व्हावें म्हणूनच योजना पुढें आली होती.

विल्टशायर परगण्यांतील सॉल्सबरी पठारावर स्टोनहेंज हें जगांतील सर्वांत प्रसिद्ध शिळावर्तुळ उभें आहे. त्याचा मातीचा बांध व खंदक इसवी सनापूर्वीं सुमारें ३००० वर्षें, आणि मोठ्या शिळा सुमारें २५०० वर्षें इतक्या जुन्या, म्हणजे विदर्भाच्या वर्तुळांहून पुष्कळच प्राचीन. त्याच्या आसमंतांत मृतांवर रचलेले मातीचे उंचवटे शेंकड्यांनीं आहेत. लांकडी खांबांच्या वर्तुळांच्या खुणा आहेत, बांधांनीं आंखलेला एक मिरवणुकीचा मार्ग आहे. १९८६ सालीं युनेस्कोनें स्टोनहेंज व जवळचें एव्हबरी ह्यांस जागतिक वारशाच्या यादींत घातलें तें केवळ शिळांस नव्हे. स्टोनहेंजच्या बाजूचा सुमारें २६ चौरस किलोमीटरांचा प्रदेशच त्या यादींत गेला.

भूमीची ही जाणीव इंग्रजांनाहि एकदम झालेली नाहीं. १९१५ सालीं स्टोनहेंज चक्क लिलांवांत विकलें गेलें. सेसिल चब नांवाच्या गृहस्थानें तें ६,६०० पौंडांस घेतलें आणि १९१८ सालीं राष्ट्रास अर्पण केलें. शिळा राष्ट्राच्या झाल्या, पण सभोंवतीं पहिल्या महायुद्धांतील विमानतळाच्या इमारती उभ्या, आणि माळावर घरें उठण्याचा रंग दिसूं लागला. तेव्हां १९२७ सालीं लोकांकडून वर्गणी गोळा करून भोवतालची जमीन विकत घेण्यांत आली आणि ती नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेच्या स्वाधीन करण्यांत आली. शिळा मिळाल्या तरी माळ गेला तर कांहींच राहिलें नाहीं, हें त्या वर्गणीदारांस कळलें होतें. सरकारी कागदपत्रांपेक्षां तें त्यांना अधिक स्वच्छपणें कळलें होतें असें म्हणावयास हरकत नाहीं.

ह्या प्रदेशाच्या मधोमध ए-३०३ हा लंडनहून नैर्ऋत्येकडे जाणारा मोठा रस्ता जातो, आणि तो शिळांपासून २०० यार्डांच्या आंत आहे. ह्या टप्प्यांत तो दुपदरी असल्यामुळें सुटीच्या दिवसांत त्यावर मोटारींच्या रांगा लागतात. जवळच्या विंटरबोर्न स्टोक गांवांतून हा सर्व ओघ जातो. तेथील रहिवाशांनीं वळणरस्ता मागावा ह्यांत गैर कांहींच नाहीं. त्यामुळें रस्ता चौपदरी करून शिळांजवळ तो भूमीखालून न्यावा, ही कल्पना निघाली. एक आखणी २००७ सालीं खर्चाच्या कारणानें सोडून देण्यांत आली. २०१७ पासून पुढें आलेल्या आखणींत बोगद्याची लांबी सुमारें ३.३ किलोमीटर धरलेली होती. शिळांसमोरून मोटारी नाहींशा होणार, गोंगाट थांबणार, माळ पुन्हा एक होणार. असें असतांहि ह्या योजनेस विरोध कां व्हावा ?

विरोधाचें कारण अंकगणिताच्या एका ओळींत सांगतां येतें. वारशाच्या प्रदेशाची रस्त्याच्या दिशेनें रुंदी सुमारें ५.४ किलोमीटर, आणि बोगदा ३.३ किलोमीटर. अर्थात् बोगद्याचीं दोन्ही तोंडें संरक्षित प्रदेशाच्या आंतच उघडणार होतीं.

ह्यांतील अडचण कळण्यास बोगद्याची रचना लक्षांत घेतली पाहिजे. खंडाळ्याच्या घाटांतून आगगाडीनें गेलेल्या मनुष्याला बोगदा म्हणजे डोंगराच्या उभ्या कड्याला पाडलेलें भोंक वाटतें, कारण तेथें कडा आयता असतो. पठारावर तसें नसतें. सपाट भूमींत रस्ता खालीं उतरवावयाचा तर मोटारींना पेलेल इतका मंद उतार द्यावा लागतो, आणि त्या उतारासाठीं बोगद्याच्या तोंडाअगोदर कितीतरी अंतरापासून जमीन खोल व रुंद चिरीत जावें लागतें. चार पदरांची रुंदी, दोन्ही बाजूंच्या भिंती, दिवे, सांडपाण्याची व्यवस्था, जोडरस्ते : हें सर्व त्या उघड्या चरांत येतें. बोगद्याच्या वर कांहीं नाहींसें होत नाहीं हें खरें. पण चरांत जी जमीन सांपडते तींतील एक कणहि जागेवर राहत नाहीं. पश्चिमेकडील असा चर अशा भागांतून जाणार होता कीं, जेथें प्राचीन थडगीं एकमेकांस दिसतील अशा बेतानें रचलेलीं आहेत. शिळांसमोरचा पडदा हटवून तो थडग्यांसमोर टाकावा, असा तो व्यवहार होता.

दुसरा आक्षेप मातीच्या वरच्या थरासंबंधीं होता. शेंकडों वर्षें नांगरलेल्या ह्या थरांत हत्यारें घडवितांना उडालेल्या गारेच्या चिपा विखुरलेल्या असतात. त्या वस्तु एकेकट्या क्षुल्लक दिसतात. परंतु कोणत्या ठिकाणीं किती सांपडल्या ह्यावरून माणसें कोठें वावरत होतीं तें कळतें. यंत्रानें थर खरवडून त्याचा नमुन्यापुरताच भाग चाळावयाचा, तर हा पुरावा बहुतांशीं मातींत मिसळून जाणार, असें माइक पार्कर पिअर्सन ह्यांच्यासारख्या तेथें आयुष्य घालविलेल्या संशोधकांचें म्हणणें होतें. प्रदेशाच्या पूर्व टोंकाजवळ ब्लिक मीड म्हणून झऱ्याकांठचें एक स्थान आहे. शिळा उभ्या राहण्यापूर्वीं कितीतरी काळ शिकारी टोळ्या तेथें येत असत, आणि ओलाव्यामुळें तेथील अस्थि व इतर वस्तु टिकून आहेत. कामामुळें भूजलाची पातळी बदलली तर तो ठेवा नासेल, ही भीतीहि बोलून दाखविण्यांत आली. ह्या भूमींत अजून काय दडलें आहे हें तरी कोणास ठाऊक होतें ? २०२० सालीं डरिंग्टन ह्या ठिकाणाभोवतीं प्रचंड खड्ड्यांचें एक कडें असल्याचें तपासणींत आढळलें. त्याचा व्यास दोन किलोमीटरांच्या आसपास भरतो. जगांत जिचा इतका अभ्यास झाला त्या भूमीची ही कथा.

विरोधकांची फळी एकजीव होती आणि अधिकारी मंडळी मात्र आंधळी होती, असें चित्र रंगविणें सोपें असलें तरी खरें होणार नाहीं. नॅशनल ट्रस्ट आणि इंग्लिश हेरिटेज ह्या वारसा जपणाऱ्या संस्थांनींच बोगद्यास पाठिंबा दिला होता. आजचा उघडा रस्ता तसाच ठेवण्यापेक्षां आंखूड बोगदा बरा, असा त्यांचा हिशेब. उलट बाजूस स्टोनहेंज अलायन्स ही संघटना होती. इतिहासकार टॉम हॉलंड हे तिचे अध्यक्ष होते. बोगदा करावयाचा तर तो संरक्षित प्रदेशाच्या बाहेरून बाहेर इतका लांब करावा, नाहींतर करूंच नये, ही विरोधी बाजूची भूमिका. लांब बोगद्याचा खर्च परवडणारा नाहीं, असें सरकारचें उत्तर. परवडत नाहीं म्हणून अर्धें रक्षण करावें, तर उरलेल्या अर्ध्याचें काय, हा प्रश्न त्या उत्तरानें सुटत नव्हता.

पुढील हकीकत थोडक्यांत अशी. योजनेची चौकशी करणाऱ्या निरीक्षकांनीं ती नामंजूर करावी अशी शिफारस केली. नोव्हेंबर २०२० मध्यें वाहतूक-मंत्री ग्रँट शॅप्स ह्यांनीं ती शिफारस बाजूस सारून मंजुरी दिली. ३० जुलै २०२१ रोजीं उच्च न्यायालयानें ती मंजुरी रद्द केली. न्यायालयानें बोगदा वाईट ठरविला नाहीं, कारण तें न्यायालयाचें कामच नव्हे. परिसरांतील प्रत्येक स्मारकावर होणाऱ्या परिणामाचा विचार मंत्र्यांनीं केला नाहीं, आणि लांब बोगद्यासारखे कमी हानिकारक पर्याय तपासले नाहींत, एवढेंच न्यायालयानें म्हटलें. त्याच महिन्यांत युनेस्कोच्या समितीनें योजना न बदलल्यास स्टोनहेंजचें नांव संकटग्रस्त स्थळांच्या यादींत जाऊं शकेल असें बजावलें. त्याच अधिवेशनांत लिव्हरपूल शहराचें नांव वारशाच्या यादींतून काढून टाकलें गेलें होतें, त्यामुळें ही ताकीद पोकळ मानण्यास जागा नव्हती. तरीहि जुलै २०२३ मध्यें नवे मंत्री मार्क हार्पर ह्यांनीं पुन्हा मंजुरी दिली. ह्या खेपेस न्यायालयानें विरोधकांचा अर्ज फेब्रुवारी २०२४ मध्यें फेटाळला. खर्चाचा अंदाज तोंवर अडीच अब्ज पौंडांपर्यंत चढला होता. जुलै २०२४ मध्यें सत्तेवर आलेल्या नव्या सरकारच्या अर्थमंत्री रेचल रीव्हज ह्यांनीं तिजोरींत पैसा नाहीं ह्या कारणानें योजनाच मोडीत काढली. पायाचा पहिला दगडहि न बसतां १६ कोटींहून अधिक पौंड आखणीच्या कामींच खर्ची पडले होते.

ह्या शेवटाला विजय म्हणावें कीं नाहीं, ह्याबद्दल शंका घेण्यास जागा आहे. माळ वांचला, पण तत्त्व मान्य झालें म्हणून नव्हे. खजिना रिता होता म्हणून. न्यायालयांतला शेवटचा डाव विरोधक हरले होते, आणि विंटरबोर्न स्टोकच्या गांवकऱ्यांच्या दारावरून मोटारी पूर्वीसारख्याच जात राहिल्या. २०२१ चा निकाल मात्र आपल्या जागीं मोलाचा आहे. संरक्षित भूमींतून रस्ता काढूं पाहणारानें दुसरी वाट होती कीं नव्हती, हें आधीं पाहिलें पाहिजे आणि पाहिल्याचें दाखविलेंहि पाहिजे, एवढें त्यानें ठरवून दिलें.

भारताचे अनुभव दोन प्रकारचे आहेत. आंध्रांतील नागार्जुनकोंडा येथें धरणाचें पाणी चढण्यापूर्वीं, १९५४ पासून सहा वर्षें, मोठ्या प्रमाणावर उत्खनन झालें आणि निवडक अवशेष उंच जागीं, आज बेट झालेल्या टेंकडीवर, हलवून पुन्हा रचण्यांत आले. त्यांत एक बृहदश्मकालीन थडगेंहि आहे. तें काम देशास भूषणावह आहे. परंतु बेटावर उभा राहणारा प्रेक्षक थडगें पाहतो, ज्या खोऱ्यासाठीं तें थडगें त्या जागीं होतें तें खोरें पाण्याखालीं आहे. दुसरा अनुभव हंपीचा. तेथें तुंगभद्रेवर आनेगुंदीजवळ मोटारींचा पूल बांधण्यास घेतल्यामुळें १९९९ सालीं हंपीचें नांव संकटग्रस्तांच्या यादींत गेलें, तें २००६ पर्यंत तेथेंच राहिलें. आणि तो पूल जानेवारी २००९ मध्यें बांधकाम चालू असतांनाच कोसळून मजूर दगावले. दोन्ही ठिकाणीं निर्णय आधीं झाला आणि जुन्या भूमीचा विचार मागाहून आला.

भंडारा जिल्ह्याला मोठ्या योजना नव्या नाहींत. पवनीजवळ गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी १९८८ सालीं झाली, आणि गांव उठणें म्हणजे काय हें वैनगंगेकांठच्या लोकांनीं तेव्हांपासून पाहिलें आहे. मुंबई–कलकत्ता हा जुना राष्ट्रीय मार्ग जिल्ह्याच्या मुख्य गांवावरून जातोच. आतां नागपूर–गोंदिया आणि भंडारा–गडचिरोली अशा द्रुतगति महामार्गांची आखणी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळानें पुढें आणलेली आहे. ह्या मार्गांची गरज नाहीं असें म्हणणें सोपें आहे. रुग्णास घेऊन रात्रीं नागपूर गांठणाऱ्या गांवकऱ्यास तें पटणार नाहीं. प्रश्न रस्त्याच्या अस्तित्वाचा नसून त्याच्या रेषेचा आहे, आणि रेषेहूनहि अधिक मुरमाचा आहे.

ही मुरमाची गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. द्रुतगति महामार्ग जमिनीच्या पातळीवर क्वचितच असतो. पावसाचें पाणी, आडवे रस्ते आणि गुरांचे मार्ग ह्यांमुळें तो भरावावर उचलावा लागतो. ह्या भरावासाठीं लागणारा मुरूम जवळपासच्या टेंकड्यांतून व माळांतून खणून आणतात. नकाशावरची रेषा स्मारकापासून एक कोस दूर असली, १०० मीटरचा नियम अक्षरशः पाळला गेला, तरी त्या रेषेच्या पोटांत जाणारा मुरूम कोणत्या बरडीवरून निघाला हें रेषा सांगत नाहीं. ज्या जमिनीवर मृतांस ठेवण्याची प्राचीनांची रीत, तीच जमीन आजच्या कंत्राटदारास सर्वांत सोयीची, कारण तेथें पीक नाहीं, घर नाहीं आणि तक्रार करणाराहि नाहीं. यंत्राच्या एका दिवसाच्या कामांत पांच-दहा वर्तुळें मुरमाबरोबर उचललीं गेलीं, तर त्यांचे धोंडे पुलाच्या मोरींत बसतील आणि भांड्यांच्या खापऱ्या भरावांत दबतील; त्याचा पंचनामा कोणी करणार नाहीं.

हें थांबविण्याची वेळ काम सुरू होण्यापूर्वींची आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण-आघाताच्या अधिसूचनेप्रमाणें मोठ्या नव्या महामार्गास पूर्वपरवानगी लागते. अर्जाच्या नमुन्यांत प्रकल्पापासून १५ किलोमीटरांच्या आंत निसर्ग, भूदृश्य किंवा संस्कृति ह्यांच्या मोलासाठीं कायद्यानें संरक्षित असें क्षेत्र आहे काय, असा स्पष्ट रकाना आहे. त्याच अधिसूचनेप्रमाणें जिल्ह्यांत जाहीर सुनावणी व्हावी लागते. तिची सूचना निदान ३० दिवस आधीं द्यावी लागते. सुनावणीच्या अध्यक्षस्थानीं जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधि असतो, आणि तेथें बोललेल्या प्रत्येक हरकतीची नोंद ठेवावी लागते. १०० मीटरांच्या कुंपणापेक्षां १५ किलोमीटरांचा हा रकाना पुष्कळ विशाल आहे. मुरूम कोणत्या गटांतून काढणार, त्या गटाची पाहणी पुराणवस्तु जाणणाऱ्या मनुष्यानें केली आहे काय, दुसरी रेषा तपासली काय, हे प्रश्न विचारण्याची जागा तीच.

परंतु त्या रकान्यांत लिहिलें जातें तें आधीं कोठेंतरी लिहिलेलेंच. घोषित स्मारक असेल तर त्याचें नांव तेथें येईल. घोषित नसलेल्या वर्तुळाचें येणार नाहीं. गुराख्याला तें ठाऊक असतें. तलाठ्याच्या दप्तरांत मात्र त्या गटासमोर गायरान, पडीक किंवा पोटखराब असा एकच शब्द असतो, आणि भूसंपादनाचा अधिकारी वाचतो तो तेवढाच शब्द.